सिस्टरच्या नंबराचा मागोवा

पालघर किंवा बोईसरच्या कुठल्याही खासगी दवाखान्यात बाकावर बसून वर बघितलं की पाटीवर डॉक्टरांचं नाव, पदवी आणि खाली नोंदणी क्रमांक दिसतो. तोच क्रमांक चिठ्ठीवरही छापलेला असतो, कारण तसा नियमच आहे. आत वॉर्डात रात्री अडीचला सलाईनची बाटली बदलायला येणाऱ्या बाईंनाही असाच एक क्रमांक असतो. निदान कायद्याच्या मते असायला हवा. तो मात्र कुठे लिहिलेला दिसत नाही आणि आपणही विचारत नाही. 'सिस्टर' म्हणून हाक मारली की आपल्यापुरती त्यांची ओळख पटते. केळव्याहून धावपळ करत पेशंट नेलेल्या माणसाला त्यापलीकडे बघायची फुरसतही नसते. या न दिसणाऱ्या नंबराला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे आणि त्यातला बराचसा भांडणांचा आहे.

नंबराआधी सुईण होती. केळवे-माहीमच्या वाड्यांमध्ये दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत बाळंतपण घरातच, अंधाऱ्या खोलीत, गावच्या सुईणीच्या हातून व्हायचं. तिच्याकडे कागद नव्हता, पण तिची सगळी कारकीर्द गावाला पाठ होती. कुणाचं आडवं आलेलं मूल तिने सोडवलं आणि कुणाच्या घरी तिला पुन्हा बोलावलं नाही, हे पानवेलींच्या मांडवाखाली काम करणाऱ्या बायका एकमेकींना सांगत. त्या काळाचे गोडवे गावेत असं त्यात काही नाही. नाळ कशाने कापली हे कुणी विचारत नसे आणि पाचव्या-सातव्या दिवशी आकडी येऊन मूल गेलं तर ते सटवाईच्या माथी मारलं जाई. तरीही जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो तिथे कागद लागत नाही, एवढं खरं. कागद लागतो तो जिथे अनोळखी बाई अनोळखी माणसाच्या अंथरुणाशी उभी राहते तिथे, म्हणजे मुंबईसारख्या शहरात.

मुंबईत ही वेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६५ मध्येच भारतातल्या रुग्णालयांसाठी परिचर्येची पद्धत कशी असावी यावर सूचना लिहून काढल्या होत्या. भारतात एकदाही पाऊल न ठेवता, हे सांगायला हवं. मुंबईत प्रत्यक्ष पद्धतशीर शिक्षण सुरू झालं ते १८८६ मध्ये, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या कामा हॉस्पिटलात. हे बायकांसाठीचं आणि स्त्री-डॉक्टरांनी चालवलेलं रुग्णालय होतं. तिथे १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत नावाची विद्यार्थिनी दाखल झाली. परिचर्येचं शिक्षण घ्यायला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत तिचं नाव असतं आणि पहिल्या वर्षाच्या मुली ते परीक्षेपुरतं पाठ करतात. याहून जास्त तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. ज्या काळात बाईने परक्या माणसाच्या जखमेला हात लावणं म्हणजे बाटणं होतं, त्या काळात ती घराबाहेर कशी पडली, कुणी अडवलं आणि कुणी नाही, हे कुणालातरी विचारावंसं वाटायला हवं होतं.

मग १८९६ मध्ये प्लेग आला. विलायतेहून नर्सेस मागवाव्या लागल्या, कारण इथे शिकलेल्या बायका बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्या काळात कुणाला नर्स म्हणायचं आणि कुणाला नाही, याची एकच अशी फूटपट्टी नव्हती. प्रत्येक रुग्णालय आपापलं प्रमाणपत्र देई. कामाचं वेगळं, जे. जे.चं वेगळं, मिरजेला वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाचं वेगळं. एका ठिकाणी वर्षभर शिकलेली आणि दुसरीकडे तीन वर्षं घासलेली, दोघी नर्सच. ही खिचडी निवडायचा पहिला प्रयत्न १९०९ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशनने केला. शिक्षण सारखं असावं, परीक्षा सारखी असावी, हा तिचा आग्रह. पण ती संस्था होती, कायदा नव्हता. तिचं न ऐकणाऱ्याचं ती काही वाकडं करू शकत नव्हती.

याच सुमाराला इंग्लंडात नर्सेसचं आपसात जुंपलं होतं आणि त्या भांडणाशिवाय आपल्याकडचा नंबर समजत नाही. एथेल बेडफर्ड फेनविक वयाच्या चोविसाव्या वर्षी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन झालेल्या, स्वभावाने कडक बाई. १८८७ मध्ये त्यांनी नर्सेसची संघटना काढली. त्यांची मागणी साधी होती: डॉक्टरांना जसं सरकारी रजिस्टर आहे तसं नर्सेसना हवं, त्यात ठरावीक शिक्षण घेतलेलीच बाई यावी आणि आपलं रजिस्टर नर्सेसनीच सांभाळावं. विरोधात कोण होतं? खुद्द नाइटिंगेल. परीक्षेने स्मरणशक्ती कळते, बाईच्या अंगची माया आणि जबाबदारी कळत नाही. रजिस्टरात नाव चढलं की वाईट नर्सलाही चांगल्या नर्सचा दर्जा मिळतो, असा त्यांचा रोख होता. मला तो मुद्दा अजूनही पूर्ण खोडता येत नाही. पण तो मांडणाऱ्या बाई सुखवस्तू घरातल्या होत्या. पोटासाठी नर्स झालेल्या बाईला 'अंगची माया' दाखवून पगार वाढवून मागता येत नाही, प्रमाणपत्र दाखवून कदाचित येतो.

भांडण तीस वर्षं चाललं. तोवर न्यूझीलंडने १९०१ मध्ये नर्सेससाठी स्वतंत्र नोंदणी कायदा करून बाजी मारली आणि जानेवारी १९०२ मध्ये एलन डॉहर्टी जगातली पहिली नोंदणीकृत नर्स ठरली. ब्रिटनचा कायदा आला १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धाने नर्सेसची किंमत सगळ्यांना कळल्यावर. रजिस्टर उघडलं तेव्हा पहिल्या क्रमांकावर नाव होतं फेनविकबाईंचं.

आपल्याकडे मात्र प्रश्न रजिस्टरात कुणी यावं हा नव्हताच. मुळात नर्स व्हायला कुणी येईल का, हा होता. त्यासाठी झटल्या रमाबाई रानडे. १९०९ मध्ये गो. कृ. देवधर यांच्यासोबत त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथल्या मुली आणि बायका, त्यांत विधवाही, ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला जाऊ लागल्या. पांढरपेशा घरातली बाई रात्रपाळी करते, पुरुषांच्या वॉर्डात जाते, कुणाचंही भांडं उचलते, यावर पुण्यात काय काय बोललं गेलं असेल हे सांगायला नको. त्या काळात या पेशात बहुतेक बायका ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन होत्या. बाकीच्या समाजाला त्यांची सेवा हवी होती, पण लेक त्यात पाठवायची नव्हती. सेवासदनाने वसतिगृह दिलं, देखरेख दिली आणि घरच्यांना सांगायला एक मानाचं नाव दिलं. रमाबाईंचं हे काम शाळांच्या कामामागे झाकलं जातं. माझ्या मते परिचर्येच्या इतिहासात ते कायद्यापेक्षा मोठं आहे, कारण मराठी कायद्याआधी मराठी नर्स लागते आणि ती त्यांनी घडवली.

कायदा आधी मद्रासने केला, १९२६ मध्ये. त्यात एक व्यवहाराची बाजू होती. ब्रिटनच्या रजिस्टरात भारतातल्या नर्सला जागा मिळवायची तर इथेही कायद्याने चालणारं रजिस्टर हवं होतं, नुसत्या रुग्णालयाच्या दाखल्यावर तिकडे कुणी विचारत नव्हतं. मुंबई इलाख्याचा कायदा १९३५ चा. त्याच्या लांबलचक नावात नर्स, मिडवाईफ आणि हेल्थ व्हिजिटर अशा तिघी होत्या. म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या माहीम तालुक्यात, आजच्या पालघरात, सुईणपण करणारी बाई आणि सरकारच्या वहीतली मिडवाईफ या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या. गावात हा फरक पोचायला आणखी एक पिढी जावी लागली.

स्वातंत्र्याच्या तोंडावर भोर समितीने देशाचं आरोग्य तपासलं. तिच्या १९४६ च्या अहवालात ४३ हजार लोकांमागे एक नर्स, असा हिशेब आहे. कामाचे तास फार, राहायला धड जागा नाही, पगार तुटपुंजा, अशी हालाखीही त्यात नोंदली आहे. ही वाक्यं आज एखाद्या मोर्च्याच्या पत्रकात जशीच्या तशी घातली तर कुणाला तारखेचा संशय येणार नाही. त्यानंतर १९४७ चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. तो ३१ डिसेंबरला लागू झाला आणि परिषद १९४९ मध्ये स्थापन झाली. एका राज्यातलं शिक्षण दुसऱ्या राज्यात चालावं, अभ्यासक्रम देशभर सारखा असावा, हे तिचं काम. नोंदणी मात्र राज्यांकडेच राहिली. ही वाटणी पुढे पंचाहत्तर वर्षं सगळ्यांच्या डोक्याला ताप झाली.

मुंबई राज्याने १९५४ मध्ये जुना कायदा बदलला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र आपापल्या जुन्या राज्यांचे कायदेकानून घेऊन आले होते. ते एका दावणीला बांधले १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने. त्यातूनच आजची महाराष्ट्र परिचर्या परिषद आली. शिक्षणसंस्थांना मान्यता देणं, परीक्षा घेणं, नाव चढवणं, गैरवर्तन झालं तर नाव काढणं, असं सगळं तिच्याकडे होतं. परीक्षांचं काम २०१३ च्या कायद्याने वेगळ्या मंडळाकडे गेलं. पदवीच्या अभ्यासक्रमाची परीक्षा त्याआधीपासूनच नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेत होतं. म्हणजे आज एकाच पेशात उतरायला पदवीवालीची परीक्षा एकीकडे, पदविकावालीची दुसरीकडे, आणि नंबरासाठी दोघींनी तिसऱ्याच दारात.

ओळखीच्या एका निवृत्त नर्सबाईंनी मध्यंतरी मला त्यांची फाईल दाखवली. या एएनएम, म्हणजे दहावीनंतर शिकून उपकेंद्रावर लागलेल्या. सगळी नोकरी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात काढली, सुरुवातीची वर्षं डोंगरपट्ट्यात. प्लास्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्र होतं, टाचणीच्या गंजाचा डाग पडलेलं. वर परिषदेचा शिक्का, खाली सही, मध्ये टायपरायटरवर ठोकलेलं माहेरचं नाव. त्यामागे नूतनीकरणाच्या पावत्या. त्यामागे लग्नाचा दाखला आणि नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत, घड्या पडून चार तुकडे व्हायला आलेली. "हे सगळ्यात महत्त्वाचं," बाई म्हणाल्या. "रजिस्टरात मी माहेरची आणि आधारवर सासरची. हे नसेल तर मी दोन बायका." नोकरीभर नंबर कुणी कुणी विचारला, असं मी विचारलं. नेमणुकीच्या वेळी, सेवापुस्तक भरताना आणि पेन्शनचे कागद करताना. पेशंटने? "पेशंट कशाला विचारेल? त्याचं लक्ष सुईकडे."

एएनएम ही पन्नाशीच्या दशकातली निर्मिती. पूर्ण शिकलेली नर्स खेड्यात पुरत नाही म्हणून कमी मुदतीच्या शिक्षणाची ही बाई तयार केली गेली आणि खेड्यातली परिचर्या तिच्याच खांद्यावर पडली. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर लसीची पेटी खांद्याला लावून जाते ती हीच. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि सगळ्या राज्याचं लक्ष तिकडे गेलं, तेव्हा प्रश्न नोंदणीचा नव्हता, माणूसबळाचा होता. रजिस्टर बाईची पात्रता सांगतं, ती कुठल्या पाड्यावर हवी होती ते सांगत नाही.

आता पुन्हा बोईसरच्या वॉर्डात येऊ. खासगी शुश्रूषागृहांसाठी मुंबई राज्याने १९४९ मध्ये नोंदणीचा कायदा केला. पात्र परिचारिका पुरेशा प्रमाणात नसतील तर शुश्रूषागृहाची नोंदणी नाकारता येते, हे त्यात तेव्हापासून आहे, आणि पात्र म्हणजे परिषदेच्या रजिस्टरात नाव असलेली. कारखान्यांचा १९४८ चा कायदा सांगत होता की पाचशेहून जास्त कामगार असतील तिथे रुग्णवाहिका-खोली हवी आणि ती वैद्यकीय व परिचर्या कर्मचाऱ्यांच्या ताब्यात हवी. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हे कलम पाठ असलेले अधिकारी आहेत. म्हणजे कागदावर सिस्टरच्या नंबराला दोन-तीन कायद्यांचा टेकू आहे.

व्यवहार निराळा. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रेल्वे पुलाच्या जिन्यात जाहिराती चिकटवलेल्या असतात: नर्सिंग कोर्स, सहा महिने, दहावी पास-नापास, नोकरीची हमी. यातून बाहेर पडलेल्या मुलीला परिषदेचा नंबर मिळत नाही, मिळणारही नाही. पण नोकरी खरंच मिळते. लहान दवाखान्यात ती आधी केर काढते, मग बीपी बघायला शिकते, मग एक दिवस सलाईन लावते आणि पांढरा कोट घालून सिस्टर होते. विक्रमगड-डहाणूकडच्या पाड्यांवरून आलेली ही पोर हुशार असते, हात हलका असतो आणि पगार नोंदणीकृत नर्सच्या निम्म्यानेही नसतो. चूक तिची नाही, ती पोटासाठी आलेली. तिला कामावर ठेवणाऱ्याला मात्र आपण काय वाचवतो आहोत हे नीट माहीत असतं. तपासणीच्या दिवशी टेबलावर दाखवायला कुणाच्यातरी प्रमाणपत्राची झेरॉक्स असते. ज्या बाईंचं ते प्रमाणपत्र, त्या कदाचित मस्कतला असतात.

मस्कत उगाच आलं नाही. या नंबराची खरी कदर आज परदेशात होते. आखाती देशात किंवा ब्रिटनमध्ये जायचं तर परिषदेकडून नोंदणीची पडताळणी लागते, वर्तन चांगलं असल्याचा दाखला लागतो, सगळे कागद तिकडच्या संस्थेला पटावे लागतात. १९२६ मध्ये ज्या कारणाने मद्रासने कायद्याची घाई केली तेच कारण पुन्हा दारात उभं आहे. फरक इतकाच की तेव्हा आपल्या नर्सला तिकडे घेत नव्हते, आता पाठवायला आपल्याकडे उरत नाहीत. केरळच्या मुलींनी ही वाट रुळवली, आता पालघर-वसईच्या मुलीही तिने निघाल्या आहेत. इथल्या वॉर्डात कुणी न विचारलेला नंबर तिथे विमानतळापासून विचारला जातो.

आणि नंबर तरी किती जणींकडे? सरकारने संसदेत दिलेला देशातल्या नोंदणीकृत परिचर्या कर्मचाऱ्यांचा आकडा ३३ लाखांहून जास्त होता. ऐकायला भरभक्कम. पण राज्यांची रजिस्टरं वर्षानुवर्षं नाव चढवत गेली, उतरवायचं फारसं कुणाला सुचलं नाही. निवृत्त झालेली, परदेशी गेलेली, लग्नानंतर काम सोडलेली, वारलेली, सगळ्या त्याच वहीत. यावर उपाय म्हणून दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं, त्यासाठी सतत शिक्षणाचे तास भरणं आलं आणि गेल्या काही वर्षांत केंद्राच्या पोर्टलवर आधारशी जोडलेला नवा ओळख क्रमांक आला. आधीच्या नंबराला हा दुसरा नंबर. कल्पना रास्तच आहे. प्रत्यक्षात रात्रपाळी उतरून केळवे रोडला गाडीतून उतरलेली बाई रिक्षाची वाट बघत मोबाइलवर फॉर्म भरते. नावातलं एक अक्षर जुळत नाही म्हणून तो परत येतो. किंवा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो आणि नवरा तारापूरला पाळीवर असतो. तासांचं शिक्षण म्हणजे कधी खरंच चांगलं व्याख्यान, कधी नुसती हजेरी आणि जेवणाचं पाकीट. हे नर्सेसच सांगतात, हसून.

मे २०२२ च्या अखेरीस राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या. मुद्दा होता बाह्यस्रोतातून भरतीचा. परिषदेचा नंबर, तीन-चार वर्षांचं शिक्षण, आणि नोकरी ठेकेदाराची. वॉर्डात दोघी एकाच पेशंटला बघणार, एक सरकारच्या पगारावर आणि दुसरी एजन्सीच्या. रजिस्टरात त्या शेजारी-शेजारी असतील, पगारपत्रकात नाहीत. नोंदणीने दर्जा येईल आणि दर्जामागून पगार येईल, हा फेनविकबाईंचा हिशेब इथे अडतो.

आता १९४७ च्या कायद्याची जागा घ्यायला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा झाला आहे. परिषदेच्या जागी आयोग, त्याखाली शिक्षण, मूल्यमापन आणि नीती-नोंदणी अशी मंडळं, देशाचं एकच रजिस्टर, राज्याराज्यांत राज्य आयोग. नोंदणी नसताना हा पेशा केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राज्य आणि केंद्र यांच्यात मान्यता कुणी द्यायची यावरून कोर्टबाजी झाली होती, कर्नाटकात तर उच्च न्यायालयापर्यंत. तो गुंता यातून सुटेल असं दिसतं. बोईसरच्या झेरॉक्सवाल्या दवाखान्याला पाच लाखांचा धाक बसेल की नाही, हे तपासनीस किती येतात आणि येऊन काय बघतात यावर आहे. तपासनिसाने भिंतीवरच्या चौकटीऐवजी ड्यूटीचा तक्ता बघितला तर पुष्कळ होईल.

एक गोष्ट मात्र या बदलात हळूच निसटली. जुन्या केंद्रीय परिषदेत प्रत्येक राज्याच्या परिषदेने निवडून दिलेली एक नर्स बसायची. राज्यातही नोंदणीकृत नर्सेसनी आपल्यातून माणसं निवडून द्यायची तरतूद होती, तिचं प्रत्यक्षात जे काही व्हायचं ते होवो. नव्या २९ जणांच्या आयोगात पदसिद्ध आणि सरकारने नेमलेले सदस्य आहेत, राज्यातही नेमणुका राज्य सरकारच्याच. रजिस्टर नर्सेसनी सांभाळावं, ही त्या तीस वर्षांच्या भांडणातली अर्धी मागणी होती. फेनविकबाईंना ती मिळाली, आणि ब्रिटनच्या परिषदेच्या पहिल्याच निवडणुकीत रजिस्टरातल्या नर्सेसनी त्यांना, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या नर्सला, पाडलं. केळव्याच्या नर्सला आता कुणाला पाडावंसं वाटलं, तरी पाडता येणार नाही.